मुंढा किती ठेवायचा?

क्रोशाचं जॅकेट करून दे म्हणणाऱ्या माणसाला माप विचारलं, की तो विषय बदलतो. “अगं, मी केवढी आहे ते दिसतंय ना तुला,” असं आत्या म्हणते. वहिनी म्हणते, “अंदाजाने करा ना ताई, बसेल.” मावशीला तर सगळं सैलच हवं असतं, म्हणजे पुढे वजन वाढलं तरी चालेल. हीच माणसं शिंप्याकडे जाताना मापाचं ब्लाऊज आठवणीने पिशवीत टाकतात. गळा मागून किती खोल, बाही कोपराच्या वर की खाली, कटोरी की प्रिन्सेस कट, हे सगळं त्याला उभ्या उभ्या सांगतात. ब्लाऊज काखेत ओढलं गेलं तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन उसवून घेतात. आणि क्रोशाच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं एकच, विणलेलं काय, ताणतंच.

ताणतं हे खरं. पण सुती दोऱ्याचं क्रोशाकाम आडवं थोडं ताणतं आणि स्वतःच्या वजनाने उभं लोंबतं. त्यामुळे छातीवर बटणांच्या मध्ये फटी पडतात आणि त्याच वेळी खालचा काठ ठरवलेल्या जागेच्या खाली उतरतो. काखेत तर ते फारसं ताणतच नाही, कारण तिथे जोड असतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, आखूड असला की हात वर केल्याबरोबर सगळं जॅकेट त्या जोडाला धरून वर येतं. सिटी बसमध्ये दांडी धरली की पाठ उघडी पडते. असं जॅकेट घालणारी बाई ते दोनदा घालते आणि मग कपाटात ठेवून देते. विचारलं तर म्हणते, छान झालंय गं, पण घालायला प्रसंगच येत नाही. प्रसंग रोज येतो. ते अंगाला होत नाही, हे खरं कारण आहे, आणि ते मला सांगितलं जात नाही.

या बेफिकिरीचं मूळ आपल्या घरांत आहे. मराठी घरात क्रोशा दिसला तो टीपॉयवरच्या रुमालात, दारावरच्या तोरणात, आधी रेडिओवरच्या आणि मग टीव्हीवरच्या झालरीत, रुखवतात मांडलेल्या विणकामात. यातल्या कशालाच खांदे नसतात. तोरण चार बोटं लांब झालं तर बाजूला खाली सोडता येतं. रुमाल मोठा झाला तर टीपॉयच्या कडेने लोंबतो आणि तेही चांगलं दिसतं. अंगावर घालायचं म्हणून आपण केलं ते फार तर बाळाचं टोपडं आणि मोजे, आणि ते तर थोड्याच दिवसांत लहान होणारच असतात. त्यामुळे अननसाची वीण न बघता घालणाऱ्या, बोटांत कमालीची सफाई असलेल्या बायकांनाही मुंढ्यात टाके कसे घटवायचे, दंडाला किती ठेवायचे, हे कोणी शिकवलं नाही. इतक्या चांगल्या हातांना आपण टीपॉयच्या पलीकडे जाऊ दिलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे आमच्या नाशिकपुरतंच नाही. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्राच्या थोडं अलीकडे, तिच्या वसिष्ठ गोदावरी या शाखेच्या काठावर नरसापूर आहे. मॅकरे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने १८४४ च्या सुमारास त्या भागातल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पिढ्यान् पिढ्या ते काम तिथे चाललं आणि २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथून परदेशी जात राहिलं ते मुख्यतः टेबलावरचे रुमाल, उशांचे अभ्रे आणि पलंगपोस. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेस करणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. जगाच्या बाजारासाठी माल तयार करणाऱ्या या बायकांना ‘घरी बसलेल्या गृहिणी’ आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग समजलं जात होतं, आणि त्याच आधारावर त्यांची मजुरी अगदी कमी ठेवली जात होती, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. नदीच्या या टोकाला मलाही तेच ऐकावं लागतं. “तुला काय, टीव्ही बघता बघता होतं.” होत नाही. मुंढा घटवताना टीव्ही बंद करावा लागतो, फोन आला तर उचलता येत नाही, आणि कोणी बोलायला आलं तर ओळ पुन्हा मोजावी लागते.

किमतीचंही तसंच. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर होतं. बाजारातले बहुतेक स्वेटर यंत्रावरचेच. क्रोशाचं तसं नाही. ‘क्रोशे मशीन’ नावाची यंत्रं कारखान्यांत असतात, पण ती क्रोशासारखी दिसणारी जाळी विणतात. एक टाका पुरा करून त्याच्यातून दुसरा ओढून काढायचा, हे आकड्याच्या सुईचं काम आजही हातानेच चालतं. म्हणजे दुकानात टांगलेला खरा क्रोशाचा टॉप, तो कोणत्याही देशातून आलेला असो, कोणा माणसाने बसून हाताने केलेला असतो. त्याची किंमत यंत्राच्या स्वेटरशी ताडून पाहायची आणि वर “एवढे?” असं विचारायचं, हा अन्याय आहे. दुकानदाराने विचारलं तर एक वेळ समजू शकते, पण जिच्या आईने आयुष्यभर क्रोशाकाम केलं ती मैत्रीण विचारते तेव्हा फार लागतं.

आता हिशेब सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. समजा एखादीची छाती ३८ इंच, म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. आत ब्लाऊज किंवा कुर्ता असणार, म्हणून साडेपाच सेंटिमीटर ढिलाई धरली, म्हणजे १०२. आधी नमुन्याचा तुकडा करायचा. जो दोरा, जी सुई, जी वीण जॅकेटला, तीच तुकड्याला. तुकडा चांगला तळहाताहून मोठा हवा, कारण कडेचे टाके वेडेवाकडे पडतात आणि मोजणी चुकते. तो धुवायचा, वाळवायचा, आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरांत किती खांब बसतात ते मोजायचे. सोळा बसले तर १०२ सेंटिमीटरला १६३ खांब. वीण सहाच्या पटीत अधिक एक अशी असेल तर १६३ हा आकडा बरोबर जमतो. आता समजा हात घट्ट असला, दहा सेंटिमीटरांत अठरा खांब बसले, आणि नमुन्यात छापलेत म्हणून १६३ च घातले. कापड होतं साडेनव्वद सेंटिमीटर, म्हणजे तिच्या छातीहून सहा सेंटिमीटर कमी. दहा सेंटिमीटरांतला दोन खांबांचा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, आणि बटणं मात्र लागत नाहीत. तुकडा करण्यात वेळ फुकट जातो असं म्हणणाऱ्या बायका मला भेटतात, तेव्हा मी त्यांना हे आकडे कागदावर मांडून दाखवते.

ओळींचंही असंच आहे. नमुना सांगतो की दहा सेंटिमीटरांत आठ ओळी, मुंढा वीस सेंटिमीटर, म्हणून ओळी सोळा. घट्ट हाताच्या बाईच्या तेवढ्याच जागेत नऊ ओळी बसतात. तिच्या सोळा ओळींत मुंढा होतो पावणेअठरा सेंटिमीटर. सव्वादोन सेंटिमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं. पण ज्याच्या काखेत ते दिवसभर काचतं त्याला विचारा.

मोठ्या मापांचे नमुने ज्या पद्धतीने काढले जातात तिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. चौतीसचा नमुना चव्वेचाळीसचा करताना पुष्कळ जण गळा, खांदा, मुंढा, दंड सगळंच एका प्रमाणात वाढवत नेतात. माणूस असा वाढत नाही. वजन वाढलं की छाती, पोट, दंड वाढतात. खांद्याचं हाड आहे तेवढंच राहतं. मग छातीला जॅकेट बसतं आणि गळा खांद्यावरून घसरतो, आणि त्या बाईचा एक हात कार्यक्रमभर तो वर ओढण्यात जातो. यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. टेप काखेतून, छातीच्या वरच्या बाजूने फिरवून एक माप घ्यायचं. गळा आणि खांदा त्या मापाच्या आकारातून घ्यायचा, आणि छातीला जे जादा टाके हवेत ते मुंढ्याच्या तळाशी, काखेत घालायचे. भरलेल्या छातीमुळे पुढचा काठ वर उचलला जात असेल, तर पुढच्या भागात दोन-चार अर्ध्या ओळी घालायच्या. म्हणजे ओळ शेवटपर्यंत न्यायची नाही, अलीकडेच वळायचं, आणि पुढच्या खेपेला आणखी अलीकडे वळायचं. पुढची उंची वाढते आणि बाजूचा जोड होता तसाच राहतो.

सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या पाठीबद्दल तर मी पाहिलेला एकही नमुना बोलत नाही. पाठीला बाक आला की मागे कापड जास्त लागतं. ते मिळालं नाही तर जॅकेट मागून वर चढतं, कंबरेला वारा लागतो आणि पुढचा गळा कंठाशी येऊन रुततो. आत्या अशा वेळी म्हणते, “माझंच अंग वाकडं, त्याला तू काय करणार?” हे वाक्य मला सहन होत नाही. मागच्या गळ्याखाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये चार अर्ध्या ओळी घातल्या की जॅकेट पाठीवर बसतं आणि तिथेच राहतं. तेवढ्या ओळींचा कंटाळा करून एका म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या पाठीची लाज वाटायला लावणं हे निव्वळ आळसाचं लक्षण आहे, मग तो नमुना लिहिणाऱ्याचा असो की विणणाऱ्याचा.

साडीवरच्या जॅकेटचा प्रश्न आणखी वेगळा. साडी रोज नेसतानाच अंगाला लावून घेता येते, एखादी निरी कमी, एखादी जास्त, पदर चार बोटं वर. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणतात आणि तिला कोणी साइज विचारत नाही, विचारायची गरजही नाही. जॅकेटला ही मुभा नाही. ते करतानाच अंगाला लावून ठेवावं लागतं. त्यात डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या आणि पिन. सुती साडी असली तर तिथे चांगलीच जाडी होते. म्हणून मी डावा मुंढा उजव्यापेक्षा एक ओळ खोल ठेवते आणि डाव्या पुढच्या भागाला दोन-तीन खांब जास्त देते. घडी घातल्यावर फरक दिसतो, अंगावर दिसत नाही. खालचा काठ निऱ्यांच्या खोचणीवर येऊ द्यायचा नाही. तो तिच्या वर संपवायचा, नाही तर चांगला खाली न्यायचा; मध्येच राहिला तर पोटाशी गोळा होतो. इंग्रजी पुस्तकांत हे मिळणार नाही, कारण त्यांच्यापुढे साडी नाही. मराठीत तरी कोणी लिहून ठेवायला हवं होतं. माझ्याकडे जुन्या मासिकांची कात्रणं आहेत. त्यांत ‘छाती ३४ इंच’ असं एकच माप दिलेलं असतं, आणि बाकीच्यांनी काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही.

इंग्रजी नमुना हातात आला की तो इंग्लंडचा की अमेरिकेचा हे आधी शोधावं लागतं. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन ‘सिंगल’, आमच्याकडचा मुका खांब. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’, आमचा साधा खांब. दोघांच्या उंचीत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, आणि कोणती पद्धत वापरली ते पुष्कळ नमुन्यांवर लिहिलेलंच नसतं. शिवाय ते जाड लोकरीचे, बर्फाच्या देशांसाठी. नाशिकची थंडी तशी नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे आणखी खाली, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. आणि दुपारी गंगापूर रोडला उन्हात अंगात जाड स्वेटर ठेववत नाही. इथे पातळ सुती दोऱ्याचं, पुढून उघडं, हातात धरून पिशवीत टाकता येईल असं काहीतरी हवं. दोरा बदलला की नमुन्यातले सगळे आकडे निकामी होतात. पुन्हा तुकडा, पुन्हा हिशेब.

दोरा नाशिकमध्ये भरपूर मिळतो. मेन रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत डबेच्या डबे भरलेले असतात. पण त्या डब्यांत गुंडे टाकताना वरचा कागद काढून टाकतात, आणि रंगाचा लॉट नंबर नेमका त्या कागदावर असतो. एकाच छटेचे दोन लॉट एका पाठीत आले तर तिथे आडवा पट्टा उठतो, धुतल्यावरही जात नाही. “सेमच आहे ताई,” असं दुकानातला मुलगा सांगतो. ट्यूबलाइटखाली सेमच दिसतं. मी दोन्ही गुंडे दारापाशी उजेडात नेऊन बघते तर गल्ल्यावरच्या माणसाला तो अपमान वाटतो. वाटू नये. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक साडी उजेडात नेतं तेव्हा कोणी रागावत नाही.

सुई मागितली की विचारतात, “मधली देऊ?” मधली म्हणजे काय? पोलादी बारीक सुयांवर आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. ॲल्युमिनियमच्या सुयांवर मिलिमीटर असतात, तिथे आकडा वाढला की सुई जाड. त्यामुळे ‘चार नंबर’ या मागणीला दोन अगदी वेगळ्या सुया मिळू शकतात, आणि वर सांगितलेले सोळा खांब अठरा व्हायला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुरतो. मला साडेतीन मिलिमीटरची, आकडा नीट वाचता येईल अशी सुई हवी असते. नसली तर “नाही” म्हणावं. तिच्या जवळपासची हातात देऊ नये.

प्रदर्शनांत क्रोशाचे टॉप ‘फ्री साइज’ अशी चिठ्ठी लावून ठेवतात. टेप लावून पाहा, ते बत्तीस ते छत्तीसच्या बाईला होतात. बेचाळीसची बाई ते हातात घेते, ताणून बघते, परत ठेवते आणि पुढच्या स्टॉलवर पापड-मसाले बघायला लागते. तिला नाराज करण्यापेक्षा चिठ्ठीवर छाती, उंची आणि मुंढा असे तीन आकडे लिहायला काय हरकत आहे? तयार कपड्यांच्या दुकानांतही फार वेगळं नाही. तिथले ‘एम’ आणि ‘एल’ बाहेरच्या देशांच्या मापांवरून आलेले. म्हणून तर फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेने आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाने भारतीय अंगाच्या मापांची मोजणी जाहीर केली. देशातल्या सहा शहरांत १५ ते ६५ वर्षांच्या २५ हजार लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, आणि त्यावरून आपली मापपट्टी ठरवायची. हे काम मला फार मोलाचं वाटतं. पण पासष्टीपुढच्या, मावशीच्या वयाच्या बायका त्या मोजणीच्या बाहेर आहेत, आणि क्रोशाच्या जॅकेटला शेवटी एकाच अंगाचं माप लागतं.

माप द्यायला बायका का टाळतात हे मला कळत नाही असं नाही. चार जणींत आकडा मोठ्याने उच्चारला जातो, कोणीतरी “अगं बाई!” म्हणतं, आणि मग ती बाई जन्मात टेप लावू देत नाही. मी आकडा बोलत नाही. वहीत लिहिते आणि वही मिटते. शिंप्याच्या दुकानात परक्या पुरुषाने आत बसलेल्या पोराला ओरडून सांगितलेलं माप चालतं, तर घरात, दार लावून, भाचीने घेतलेलं का चालू नये?

जॅकेट दिल्यानंतरची एक तक्रार राहिली. ते धुऊन, पिळून, दोरीवर दोन चिमटे लावून वाळत घालतात. सुती दोरा पाणी धरतो, पाण्याच्या वजनाने टाके खाली ओढले जातात, आणि कंबरेपर्यंतचं जॅकेट मांडीपर्यंत येतं. मग फोन येतो, “तुझं माप चुकलं गं.” माप चुकलेलं नसतं. ते पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सपाट पसरून सावलीत वाळवायचं, घडी घालून ठेवायचं आणि हँगरला लावायचं नाही. हे मी प्रत्येक जॅकेटबरोबर कागदावर लिहून देते. तो कागद वाचावा एवढंच म्हणणं आहे.

निफाडचा पारा पेपरात आला की मला फोन सुरू होतात, आणि सगळ्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हवं असतं. तेवढ्या दिवसांत घाईने केलेला मुंढा काचणारच. ज्यांना या हिवाळ्यात हवंय त्यांनी गणपतीतच मापं द्यावीत: छाती, छातीची वरची बाजू, खांदा, पाठीची उंची, मुंढा, दंड, मनगट, साडीवर घालणार की कुर्त्यावर, तेही सांगावं. ज्यांना माझ्याकडे यायला जमत नाही त्यांच्याकडे मी टेप घेऊन येईन.